पणजीच्या बोलण्याखालची लाल रेघ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नात सहावीत आहे. 'माझी पणजी' या निबंधात तिनं लिहिलं, "पणजी मला म्हणते, येरवाळी उठ, वाईच दूध पी." वही तपासून आली तेव्हा 'येरवाळी' आणि 'वाईच' या दोन्ही शब्दांखाली लाल रेघ, समासात 'लवकर', 'थोडेसे' आणि खाली शेरा : अशुद्ध बोली टाळा. गुणांचं मला काही नाही. पण पोरीनं ती वही माझ्या आईला वाचून दाखवली, तेव्हापासून आई तिच्याशी बोलताना अडखळते. परवा म्हणाली, "थोडेसे दूध घे." ऐकून माझ्या पोटात कालवलं.

मी बारा वर्षं मालवाहू जहाजांवर फिटर होतो. एका जहाजावर माझ्या जोडीला सायप्रसचा ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेल-वंगण घालणारा, होता. भाषा ग्रीकच, पण 'आणि'ला ग्रीसची माणसं 'के' म्हणत, हा 'चे' म्हणे. हाताला ती 'हेरी' म्हणत, हा 'शेरिन'. अथेन्सचा चीफ इंजिनिअर इंजिनरूममध्ये उतरला, की याची जीभ लगेच ग्रीसच्या वळणावर जायची. अशा बोलण्याला सायप्रसमध्ये 'कालामारीझो' म्हणतात. ग्रीसच्या माणसाला ते 'कालामारास' म्हणतात, म्हणजे दौत-लेखणीवाला. (आपलं 'कलम'ही अरबीमार्गे आलेलं मूळचं ग्रीकच, 'कालामोस' म्हणजे बोरू.) आणि 'शेरिन'च्या शेवटचा 'न' त्यानं पदरचा लावलेला नव्हता. तो जुन्या ग्रीकमधला. प्रमाण भाषेनं गाळला, बेटानं राखला.

ग्रीसमध्येच लेओनिदिओ गावाच्या आसपास त्साकोनियन नावाची बोली बोलतात. प्रमाण ग्रीकमध्ये दिवस म्हणजे 'इमेरा', यांचा 'अमेरा'. तो 'अ' प्राचीन स्पार्टाच्या डोरिक बोलीतला आहे. आज ही बोली मुख्यतः म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी उरली आहे.

शुद्धतेचा सोस त्या देशानंही केला. पंडितांनी घडवलेली 'काथारेवुसा', म्हणजे शुद्ध केलेली भाषा, शाळा-कचेऱ्यांत चालवली. बायबल लोकभाषेत आणलं म्हणून १९०१ साली अथेन्सच्या रस्त्यावर दंगल होऊन माणसं मेली. १९७६ साली कुठं लोकांची 'दिमोतिकी' शिक्षणाची अधिकृत भाषा झाली.

माझी आई "म्या केलं" म्हणते. शाळेत हेही चूकच ठरेल. पण ज्ञानेश्वरीत 'मियां' आहे, तुकोबांच्या अभंगांत 'म्यां' आहे. आईनं ते कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही, तिच्या आईकडून घेतलंय.

प्रमाण मराठी शिकवू नका, असं मी म्हणत नाही. अर्ज, बातमी, उत्तरपत्रिका तीतच हवी. पण मूल जेव्हा घरातल्या माणसाचं बोलणं अवतरणात लिहितं, तेव्हा ते जसंच्या तसं राहू द्यावं. समासात लिहायचंच असेल तर 'प्रमाण मराठीत : थोडेसे' एवढं लिहावं. 'अशुद्ध' हा शब्द मात्र शिक्षकांनी कृपा करून लिहू नये. ती वही घरी जाते आणि घरात पणजी असते.

— एक निवृत्त जहाज फिटर,
ता. कराड, जि. सातारा