अनुदानाच्या वादात हरवलेले रेडिओ माहितीपट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या संसदेने सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणीचे अनुदान रद्द केल्यापासून आपल्याकडील वृत्तपत्रांत या विषयाची चर्चा बहुतांशी ‘ट्रम्प विरुद्ध एनपीआर’ याच अंगाने झाली (एनपीआर म्हणजे ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’, तेथील सार्वजनिक नभोवाणी संस्था). एनपीआरच्या बातम्या एका बाजूला झुकलेल्या असतात, हा आक्षेप तेथे जुना आहे आणि तो अगदीच निराधार आहे असे मीही म्हणणार नाही. परंतु बातम्या कोणी ना कोणी देतच राहील. माझ्या मते या निर्णयाचा खरा फटका बसेल तो रेडिओ माहितीपटांना, आणि त्यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हे पत्र.

आकाशवाणीच्या सवयीने आपण एनपीआरकडेही सरकारी खाते म्हणून पाहतो. वस्तुस्थिती तशी नाही. लिंडन जॉन्सन अध्यक्ष असताना १९६७ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला (मुळात विचार फक्त दूरचित्रवाणीचा होता, रेडिओची वर्णी मागाहून लागली) आणि सरकारचा हात कार्यक्रमांपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये एक स्वतंत्र महामंडळ उभारण्यात आले. या महामंडळाच्या निधीतला सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा देशभरातील सुमारे दीड हजार स्थानिक केंद्रांना जात असे, तर एनपीआरच्या उत्पन्नात थेट सरकारी पैसा जेमतेम एक टक्का होता. जुलै २०२५ मध्ये पुढील दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेण्यात आले आणि पुढच्याच महिन्यात महामंडळाने आपले काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. वाचवलेली रक्कम माणशी वर्षाला दीड डॉलरच्या आसपास भरते.

या व्यवस्थेतून काय निपजले, याचे मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटणारे उदाहरण २००० सालचे आहे. त्या वर्षी एकट्या टेक्सास राज्यात चाळीस जणांना मृत्युदंड देण्यात आला आणि त्याच वर्षी एनपीआरवर डेव्हिड आयसे व स्टेसी अब्रामसन यांचा ‘विटनेस टू ॲन एक्झिक्यूशन’ हा माहितीपट प्रसारित झाला. त्याचे निवेदन, टेक्सासमधील मृत्युदंड जेथे दिले जातात त्या हंट्सव्हिल तुरुंगाचे अधीक्षक जिम विलेट यांनीच केले आहे. कैद्याला मेजावर बांधणाऱ्या पथकातील प्रत्येकाकडे शरीराचा कोणता भाग सोपवलेला असतो, तुरुंगातील धर्मोपदेशक त्या वेळी कैद्याच्या पायावर हात ठेवून का उभा राहतो, हे सारे ती माणसे कामाचा तपशील सांगावा तशा सुरात सांगतात. सुमारे १२० जणांच्या मृत्युदंडात सहभागी झालेल्या एका कर्मचाऱ्याला एके दिवशी घरी असताना अचानक कापरे भरले, डोळ्यांचे पाणी खळेना, आणि पुढे त्याने ती नोकरी सोडली. मृत्युदंड असावा की नसावा, याविषयी माहितीपट स्वतः अवाक्षर काढत नाही. गणवेशातला माणूस कॅमेऱ्यापुढे बसला की बहुधा खात्याच्या वतीने बोलू लागतो. हे कर्मचारी मात्र स्वतःविषयी बोलले आहेत, आणि त्यामुळे शिक्षेच्या समर्थकांनाही तो ऐकणे टाळता येत नाही.

आयसे यांनीच १९९३ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागातील लीॲलन जोन्स आणि लॉइड न्यूमन या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती ध्वनिमुद्रक दिला आणि ‘घेटो लाइफ १०१’ तयार झाला. मुले घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि दारूच्या आहारी गेलेल्या वडिलांनाही प्रश्न विचारतात. अशा कार्यक्रमांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांविषयीचे ठरीव समजच पक्के होतात, हा आक्षेप मला विचारार्ह वाटतो. पण पुढच्याच वर्षी शिकागोतील आयडा बी. वेल्स वसाहतीत दहा आणि अकरा वर्षांच्या दोन मुलांनी पाच वर्षांच्या मुलाला चौदाव्या मजल्यावरून खाली टाकले, तेव्हा ‘हे असे कसे घडले’ याचा माग जोन्स आणि न्यूमन यांनीच काढला आणि १९९६ मधील त्या माहितीपटाला पीबडी पुरस्कार मिळाला. बाहेरून आलेल्या वार्ताहराला त्या जिन्यांतली माणसे इतके मोकळेपणाने बोलली नसती.

मराठी वाचकाचा अमेरिकेच्या वर्णसंघर्षाशी संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचरणी लोकांच्या सन्मानार्थ अर्पण केले. मात्र आपली माहिती लिंकनपासून उडी मारते ती थेट मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापर्यंत. मधल्या शतकाची कहाणी मिनेसोटा येथील अमेरिकन रेडिओवर्क्सने २००१ मध्ये ‘रिमेंबरिंग जिम क्रो’ या माहितीपटात मांडली (‘जिम क्रो’ हे कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांचे व प्रथांचे प्रचलित नाव). तिचा आधार ड्यूक विद्यापीठाच्या प्रकल्पात नोंदवलेल्या वृद्ध कृष्णवर्णीयांच्या आठवणी हा होता, आणि त्या काळाविषयी गोरे काय सांगतात तेही त्यात ऐकू येते. खुद्द गुलामीत जन्मलेल्या फाउंटन ह्यूज यांचा आवाज १९४९ मध्ये बाल्टिमोर येथे ध्वनिमुद्रित झाला असून तो काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतन केला आहे. पुन्हा गुलाम व्हावे लागणार असेल तर त्यापेक्षा बंदुकीने स्वतःला संपवीन, असे ते त्यात शांतपणे सांगतात.

हे काम खर्चाचे आहे आणि जाहिरातदाराला त्यात रस असण्याचे कारण नाही. मिसिसिपीतील कर्टिस फ्लॉवर्स यांच्यावर चार खुनांच्या एकाच प्रकरणात सहा वेळा खटला चालला. ‘इन द डार्क’ या ध्वनिमालिकेच्या चमूने त्या राज्यात दीर्घकाळ मुक्काम ठोकून न्यायालयांची जुनी दप्तरे उपसली आणि सरकारी वकिलांचे कार्यालय ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या चौपटीहून अधिक प्रमाणात वगळत होते, हे २०१८ मध्ये दाखवून दिले. पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि २०२० मध्ये आरोपही मागे घेण्यात आले. तरीही २०२२ मध्ये ही मालिका काढणाऱ्या अमेरिकन पब्लिक मीडिया या सार्वजनिक रेडिओ संस्थेने हा चमू काटकसरीच्या नावाखाली मोडीत काढला. तेव्हा सारा दोष ट्रम्प यांच्या माथी मारणे बरोबर नाही. पैसा आटू लागला की या संस्था स्वतःच पहिली कुऱ्हाड माहितीपटांवर चालवतात. आता तर स्थानिक केंद्रांचाच आधार गेला आहे. अलास्कातील बेथेल येथील केंद्र यूपिक या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतही प्रसारण करते आणि त्याच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग महामंडळाकडून येत असे. अशा केंद्राने आता हवामानाचा इशारा द्यायचा की वर्षभर एकाच विषयामागे माणूस लावायचा?

यापुढे या विषयावर लिहिताना वॉशिंग्टनमधील वक्तव्यांइतकीच जागा अशा केंद्रांच्या स्थितीलाही द्यावी, अशी आपणास विनंती आहे. तसेच रविवार पुरवणीत या माहितीपटांचा क्रमाने परिचय करून देता आला तर पाहावे. त्यांपैकी बरेचसे आजही महाजालावर विनामूल्य ऐकता येतात आणि काहींची लिखित संहिताही मिळते, त्यामुळे उच्चार कानावर नसलेल्या वाचकाचीही अडचण होणार नाही. सुरुवात हंट्सव्हिलच्या माहितीपटापासून केल्यास उत्तम, कारण तो समजण्यासाठी अमेरिकेच्या राजकारणाची काहीच माहिती लागत नाही.

आपला,
एक वाचक, पुणे