फोटोतला अंगठा

सोलापूर,
बुधवार, रात्री साडेअकरा

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी तीनदा ओरडलो, "सगळं डिलीट कर, आत्ताच्या आत्ता." ते चुकलं माझं. आज सकाळी वकीलसाहेबांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, टीव्हीच्या कार्डाबद्दल अशी नोटीस आल्यावर एक ओळसुद्धा पुसायची नाही, पुसलं की लपवल्यासारखं दिसतं. फक्त थांबायचं. सर्व्हर बंद, ग्रुपवर लिहिणं बंद, खासगीत कुणी विचारलं तरी उत्तर नाही. माझं ऐकून रात्री काही पुसलं असशील तर तसं सांग, मी रागावणार नाही. फोन केला तर पुन्हा आवाज चढेल म्हणून लिहितोय.

नोटिशीला तुझ्या पोस्टची छापील प्रत जोडलीय. त्यात फोटो आहे, रीडरमध्ये घातलेल्या, डिशच्या बॉक्समधल्या आपल्या कार्डाचा. नंबर झाकायला तू अंगठा ठेवलास, पण शेवटचे पाच आकडे बाहेर राहिले. मी आकडे नंतर बघितले, आधी अंगठा ओळखला. नखाच्या खालचा तो व्रण. नऊ वर्षांचा होतास. गच्चीवर टीव्हीच्या छत्रीचा नट आवळताना पाना सटकला. खाली आई खिडकीतून ओरडतेय, "आलं... गेलं... आलं!" आणि तू रक्त गळतंय तरी छत्री धरून उभा. म्हणालास, "अप्पा, आता हलवू नका, आलंय." हे मी किती जणांना सांगितलं असेल.

कार्ड माझ्या नावावर, म्हणून नोटीस माझ्या नावानं आली. त्याचं मला काही वाटत नाही. एकसष्ट झालं माझं. पण पोस्टखाली नाव तुझं आहे, सागर.

पोस्ट मी पूर्ण वाचली, दोनदा. एका खऱ्या कार्डातून चॅनल उघडायची, दर काही सेकंदांनी बदलणारी किल्ली कशी निघते, ती नेटवरून दुसऱ्याच्या बॉक्सपर्यंत कशी पोचते, किती स्वच्छ लिहिलंयस! तीस वर्षं वायरी ओढल्या, छत्र्या बसवल्या, मला कुणी असं समजावलं नव्हतं. ऊर भरून आला आणि लगेच पोटात गोळा आला. इतकं सोपं केलंस की वाचणाऱ्याला पुढं काही विचारायची गरजच नाही, आणि खाली तुझ्या सर्व्हरला जोडून घ्यायची ओळही देऊन टाकलीस.

तू म्हणतोस, "मी फक्त लिहितो, पैसे घेत नाही." वकीलसाहेबांनी पुस्तक उघडून दाखवलं. 1957 चा कॉपीराइट कायदा, कलम 63. करणारा आणि त्याला अपप्रेरणा देणारा, दोघं एकाच ओळीत आहेत. सहा महिने ते तीन वर्षं कैद, दंड 50 हजार ते 2 लाख. धंद्यासाठी केलं नसेल तर न्यायाधीश शिक्षा कमी करू शकतात, पण ते खटल्याच्या शेवटी. शिवाय 2012 च्या दुरुस्तीत 65-अ कलम आलं, ते असलं कुलूप तोडण्याबद्दलच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. आणि मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कलम 63 चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही. कुलूप कसं चालतं हे कॉलेजात शिकवतातच, त्याला कुणाची हरकत नाही, असं ते म्हणाले. तू चालू किल्ली गावभर वाटलीस, हरकत त्याला आहे.

रात्री झोप येईना म्हणून अमेरिकेतलं वाचत बसलो. तिथं 21 जानेवारी 2001 ला, रविवारी, डायरेक्टटीव्ही या डिश कंपनीनं वरून उपग्रहातूनच सिग्नल सोडून हजारो फेरफार केलेली कार्डं निकामी केली. पुढं कार्डाची यंत्रं विकणाऱ्यांवर धाडी पडल्या, गिऱ्हाइकांच्या याद्या सापडल्या आणि यादीतल्या हजारो लोकांना पत्रं गेली. काहींनी ते यंत्र भलत्याच कामाला घेतलं होतं, तरी त्यांनाही. तुझ्या ग्रुपमध्येही यादीच आहे ना? त्यात वर कुणाचं नाव आहे?

बघ, परत सुरू झालो. माफ कर. तुला शहाणपण शिकवायचा अधिकार मला किती, तेही सांगतो. कधी सांगितलं नव्हतं.

1994 साली केबल होती आपली, 140 कनेक्शनं. रात्री दहाला आपल्या चॅनलवर भाड्याची कॅसेट लावायचो, नवा पिक्चर. सगळेच लावत होते, मीही तेच म्हणायचो. एका रात्री पोलीस आले. व्हीसीआर पोत्यात घातला. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यानं पंचनाम्यावर सही केली आणि सही करताना माझ्याकडं बघितलं नाही. ताई पाळण्यात होती. सात वर्षं तारखा चालल्या. मधल्या काळात मामांनी मस्कतला माझ्यासाठी काम बघितलं होतं, पासपोर्टला अर्ज केला. कोर्टात खटला चालू आहे म्हणून नाकारला. शेवटी सुटलो, पण तोवर ती जागा गेली होती. आजीला अजून वाटतं, तिला सोडवेना म्हणून मी गेलो नाही. आईनं ते कधी खोडून काढलं नाही.

तुझं जर्मनीचं चाललंय. पासपोर्ट नवा करायचाय तुला. माझ्या डोक्यात रात्रंदिवस तेवढंच फिरतंय, बाकीचं सगळं त्याच्या अवतीभवती.

सर्व्हर बंद केलास का? एवढं एका शब्दात कळव.

शनिवारच्या हुतात्मानं ये. सोमवारी सकाळी आपण दोघं वकीलसाहेबांकडे जाऊ, उत्तर ते लिहितील, तू स्वतः कुणाला काही लिहू नकोस. कार्ड आणि रीडर जसेच्या तसे पिशवीत घालून आण. बार्शीच्या आत्याला काही सांगितलेलं नाही. आईनं शेंगाचटणी कुटायला घेतलीय, हे सगळं कळल्यापासून ती सारखी काहीतरी कुटतेच आहे.

स्टेशनवर मी येईन न्यायला.

तुझा,
अप्पा