मनूला, कालच्या फोननंतर

मनू,

काल फोनवर मी आवाज चढवला, चुकलंच माझं. तू म्हणालीस, "बाबा, तिकडे येऊन माझं शिक्षण गंजून जाईल," आणि ते मला लागलं, कारण ते अगदीच खोटं नाहीये. आता डॉक्टर झाल्यावर गावी परत यायचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तुला ती रात्र आठवते? आठवीत होतीस. आजी सारखी "जीव घाबरतोय" म्हणत होती आणि ते नवीन डॉक्टर, मनाने चांगला मुलगा, पण आपली बोली त्याला नवी, तो तिला समजावत बसला की घाबरण्यासारखं काही नाही. तू मध्येच म्हणालीस, "तिला भीती नाही वाटत, छातीत कसंतरी होतंय तिच्या." मग कुठे त्याने ईसीजी काढला. त्यानंतर आजी चार वर्षं होती. मी हे सगळ्यांना सांगत फिरतो, तुला आवडत नाही, माहितीय.

म्हणूनच वाटतं गं की इथे तूच हवीस. बघ, आलाच विषय.

हल्ली मी गावाकडे डॉक्टर कसे टिकतील यावर वाचत असतो. जपानमध्ये 'जिची' नावाची मेडिकल युनिव्हर्सिटी आहे, 1972 ची, तिथे प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घेतात, फी कर्जाऊ देतात, आणि नंतर साधारण 9 वर्षं आपल्याच प्रांतात काम केलं की ते कर्ज माफ. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2010 मध्ये सांगितलंय की ग्रामीण भागातली मुलं मेडिकलला घ्या, तिकडे काम करायची शक्यता त्यांचीच जास्त. ते वाचायला तुला पाठवणारच होतो, पण पुढे त्यातच लिहिलंय की राहायची नीट सोय, सुरक्षित जागा, वरिष्ठांचा आधार, पुढे जायची संधी हेही द्या. मग मी गप्प झालो. मी नुसतं ये ये म्हणत होतो, आल्यावर तुझ्या पाठीशी कोण, हे एकदाही विचारलं नाही.

तेव्हा आधी मोठ्या हॉस्पिटलमध्ये हात बसू दे, रात्री अडलीस तर फोन उचलणारा एखादा सीनियर हवाच, जोडीला एखादी बॅचमेट मिळाली तर बघ, ट्रेनिंगची सुट्टी आधीच लिहून घे, नोकरीचा बॉन्ड न वाचता सही करू नकोस... लेक्चर झालं, सॉरी. दादा गाव सोडून गेला तेव्हा मी एक शब्द बोललो नाही, तेव्हाचं सगळं बहुतेक आता तुझ्यावर निघतंय.

खरं सांगू, तू आली नाहीस तर मला वाईट वाटेल. पण माझ्या शब्दाखातर आलीस आणि एकटी पडून कुढत बसलीस तर ते मला बघवणार नाही. झोप लागत नाही ती या दोन्हीमुळे.

परीक्षा आधी नीट दे. काकूची शुगर परत वाढलीय, रिपोर्टचा फोटो पाठवतोय. ती म्हणते मनूने बघितल्याशिवाय गोळी बदलणार नाही. सवडीने बघ.

बाबा