सोलर पंप शेतात, दुरुस्तीवाला तीन जिल्हे सोडून

मा. संपादक साहेब, नमस्कार,

सौरऊर्जेतून एवढे रोजगार येणार, तेवढे येणार अशा बातम्या पेपरात रोज वाचतोय म्हणून आज लिहायला बसलो. मी साक्री तालुक्यातला शेतकरी. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघत आमची पोरं मोठी झाली, शिवाजीनगरचा महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प पण आमच्याच तालुक्यात, म्हणजे हे सगळं आमच्यासाठी काही नवीन नाही. तरीपण दिवाळी झाली की पश्चिम पट्ट्यातली माणसं अजून ऊसतोडीला गुजरातला जातात आणि आयटीआय झालेली पोरं सुरतची नाहीतर नाशिकची गाडी धरतात, माझा पुतण्या पण त्यातलाच, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून सुरतला साडीच्या कारखान्यात आहे.

फेब्रुवारीत माझ्या सोलर पंपाचा कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज मोटरला देणारी पेटी, गेला. ऊन कडक, विहिरीला पाणी, कांदा ऐन पोसायच्या दिवसांत आणि मोटर बंद. ॲपवर तक्रार टाकली, फोन केले, दरवेळी नवीन तक्रार नंबर मिळायचा. एकोणीस दिवसांनी तीन जिल्हे ओलांडून एक पोरगा मोटरसायकलवर आला, एक कार्ड बदललं, अर्ध्या तासात पाणी चालू. पण तोवर कांदा गोल्टीच, म्हणजे बारीकच राहिला ना. त्या पोराची काही चूक नाही, बिचाऱ्याकडे एकट्याकडे किती तालुके होते काय माहीत.

सोलरच्या मी विरोधात नाही हे आधी सांगतो. रात्रीच्या लाईटीवर पाणी भरताना साप-विंचवाची भीती काय असते ते ज्याने दारं धरलीत त्यालाच कळतं, दिवसा पाणी मिळतंय हे आमच्यासाठी लय मोठं आहे. म्हणणं एवढंच की पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी दिलीय, मग ती दुरुस्ती करणारा माणूस तालुक्यात का नको? खरा रोजगार तर तिथंच आहे. मोठा प्रकल्प उभा राहीपर्यंत मजुरी मिळते, नंतर गेटवर वॉचमन, पॅनल धुणारे आणि मोजके टेक्निशियन. ऊर्जा-पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या दिल्लीच्या सीईईडब्ल्यू संस्थेने २०१७ च्या सुमारास हिशोब मांडला होता, एक मेगावॅट छतावर बसवलं तर साधारण २५ माणसांना वर्षभर पुरेल एवढं काम निघतं आणि तेच जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पात साडेतीनच्या आसपास. छतावरचं काम असतंच तसं, घरोघरी जाऊन माप घ्या, स्ट्रक्चर वेल्डिंग करा, वायरिंग, अर्थिंग, इन्व्हर्टर, नेट मीटरचे (घरात आलेली आणि बाहेर दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचे) कागद, हे सगळं हाताने करायचं काम आहे आणि ते पिंपळनेरचा पोरगा पिंपळनेरमध्ये राहून करू शकतो, पैसा पण तिथल्याच हार्डवेअरच्या दुकानात आणि किराण्यात फिरेल.

घराच्या छतावर सोलर बसवायच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, सोलर पंपाला शेतकऱ्याने १० टक्केच भरायचे, एससी-एसटी असेल तर ५ टक्के. एवढा सरकारी पैसा जातोय तर टेंडरमध्येच लिहा की कंपनीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याला पाहिजे, कंट्रोलरची कार्डं तिथं स्टॉकमध्ये पाहिजेत, तक्रार तीन दिवसांत मिटली नाही तर दंड, आणि तो दंड शेतकऱ्याच्या खात्यात. सूर्यमित्र नावाचं सोलरच्या कामाचं तीन महिन्यांचं ट्रेनिंग केंद्राने २०१५ पासून काढलंय, ते तालुक्याच्या आयटीआयमध्ये आणा, पोरींना पण घ्या. गावातले सगळे पॅनल महिन्यातून दोनदा धुवायचं काम बचत गटाला द्या, आमच्याकडे मार्च-एप्रिलला इतकी धूळ बसते की पंप निम्मं पाणी फेकतो.

पुढच्या रब्बीच्या आत, निदान नवीन पंपांच्या टेंडरात तरी ही अट घाला, बाकीचं पुढे बघता येईल.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. साक्री, जि. धुळे