मातीचा पाय मांडीवर घेणाऱ्या ताईंना

ताई,

मी तुम्हाला आठवतो की नाही, कोण जाणे. पोळ्याच्या आठवड्यात टाचेचं दुखणं घेऊन भर पावसात लंगडत आलेला, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर.

त्याआधी परभणीत इलाजासाठी तीन दारं झिजवली होती. एकानं खुर्चीतूनच सांगितलं, वय झालं, आता चालणं कमी करा. दुसऱ्यानं सुई मारली. महिनाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. तिसऱ्यानं कोलॅजन पावडरीचा महागडा डबा गळ्यात मारला. टाच दाबून कुणी बघितली नाही. सुईवाल्यानं कापसाचा बोळा फिरवला, तेवढाच काय तो स्पर्श.

तुमच्याकडं वावरातूनच आलो होतो. भेगांत काळी माती बसलेली. लाजून पाय मागं घेतला, तर तुम्ही खाली बसलात आणि तो उचलून सरळ मांडीवर घेतलात. "काका, माती हाय ती, घाण न्हाई. आमच्या घरी बी हीच हाय." मग अंगठ्यानं दाबत दाबत दुखरी जागा हुडकलीत. डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं नव्हतं.

मग समजावलंत. सुताराचा सरस ज्यातून निघतो ते कोलॅजनच टाचेमागच्या कंडरेचा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचा, धागा. तिथं रक्त कमी पोचतं, म्हणून ती सावकाश भरते. नुसत्या आरामानं उलट कमजोर होते, बेतानं ताण दिला तर बळकट होते. पावडर पोटात पचते, जशीच्या तशी टाचेत जाऊन बसत नाही. धागा विणायला क जीवनसत्त्व लागतं, त्याला आपले आवळे-पेरू आहेत. आणि 1998 साली स्वीडनच्या आल्फ्रेडसन नावाच्या डॉक्टरांनी मांडलेला व्यायाम दिलात: पायरीच्या कडेवरून टाच हळूहळू खाली सोडायची, 12 आठवडे, दिवसाला 180 वेळा! आमची मंडळी म्हणायची, जिन्याला नवस बोललात का काय.

यंदा शेगावची पालखी परभणीत आली, तेव्हा दैठण्यापर्यंत पायी गेलो. टाच कुरकुरली, पण थांबली नाही.

तीस वर्षं तिकिटं फाडली. माणूस कसा आहे ते सुट्टे पैसे देताना कळायचं. तुम्ही फी घेतलीत, न मागता पावती दिलीत, आणि दारापर्यंत छत्री धरलीत.

सोबत पेरू धाडलेत. एक विचारायचं राहूनच गेलं: त्या दिवशी तुमच्या पांढऱ्या ओढणीला लागलेला चिखल निघाला का?