चेस्टरच्या छपरांवरचा कर: ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

विषय: संरक्षित इमारतींच्या दुरुस्तीवरील २० टक्के व्हॅट

माननीय अर्थमंत्री,
सविनय नमस्कार.

पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला वेगळी पाठवत आहे. मराठीत लिहिते आहे ते इथल्या आपल्या माणसांनाही विषय कळावा म्हणून.

इंग्लंडमधल्या आमच्या चेस्टर शहरातल्या ‘रो’, म्हणजे एकावर एक दुकानांच्या जुन्या रांगा, आपण पाहिल्या असतीलच. रस्त्यालगत अर्धवट जमिनीत गेलेलं दगडी तळघर, त्यात दुकान. त्याच्या डोक्यावर, पायऱ्या चढून गेलं की छपराखालची सार्वजनिक वाट आणि आतल्या बाजूला दुकानांची दुसरी रांग. त्याही वर, वाटेवर पुढे आलेल्या खोल्या. तेराव्या शतकापासूनची ही रचना. वाट आणि कठडा यांच्यामध्ये एक तिरका फळा असतो. त्यावर माल मांडता येई, आणि त्याच्या उतारामुळे खालच्या दुकानात शिरणाऱ्याचं डोकं आपटत नाही. वॉटरगेट स्ट्रीटवरच्या बिशप लॉइड यांच्या घराच्या दर्शनी कोरीवकामात सख्ख्या भावाला, हाबेलला, मारणारा बायबलमधला काइनही आहे. भाऊबंदकी ही काही आपलीच मक्तेदारी नाही!

अशा घरात एकाची जमीन ती दुसऱ्याचं छत. वरची पन्हळ तुंबली की तुळई कुजते आणि तळघरातला दुकानदार बादली लावून बसतो. लोअर ब्रिज स्ट्रीटवरची लॅम्ब रो तर १८२१ मध्ये कोसळलीच. इथे किरकोळ डागडुजी वेळच्या वेळी व्हायला हवी, आणि नेमके तिच्यावरच आपण २० टक्के घेता. गावाबाहेर मोकळ्या रानात नवं घर बांधलं तर शून्य! व्हॅट-नोंदणी असलेला दुकानदार निदान भरलेला कर वळता करून घेतो. वर राहणाऱ्याला तीही सोय नाही. बिनवापराच्या मजल्याचं घर करताना ५ टक्के दर मिळतो, मान्य. पण ती सवलत मजला ओस पडल्यानंतरची.

ऑक्टोबर २०१२ च्या आधी संरक्षित घरांतल्या मंजूर फेरबदलांवर शून्य दर होता आणि दुरुस्तीवर पूर्ण. म्हणजे भिंत हलवा, सूट घ्या. भिंत सांभाळा, कर भरा. ही विसंगती सरकारने फेरबदलांवरही २० टक्के लावून मिटवली. याला काय म्हणावं?

दुरुस्तीला ५ टक्के दर लावा. छप्पर, पन्हळ, लाकडी सांगाडा आणि रोची फरशी एवढ्यापुरता लावलात तरी चालेल. स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यावर सूट कोणी मागत नाही. येत्या अर्थसंकल्पात हे होणार नसेल, तर का नाही ते लेखी कळवावं.

आपली,
चेस्टरमधील एक रहिवासी