टर्नरच्या चित्रातला तो पाय

मा. संपादक,

गुलामगिरी आणि आजची दृश्यकला यांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. इंग्रज चित्रकार टर्नरच्या ‘स्लेव्ह शिप’ (गुलामांचं जहाज, 1840) या चित्रातला समुद्र संगणकावर हलता करून अमेरिकी कलाकार सोंड्रा पेरी यांनी 2018 मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत भिंतीभर पसरवला, त्याचं वर्णन सुरेख उतरलं आहे. पण लेखक टर्नरवरून एकदम पेरींकडे येतात. मधल्या काळात या चित्राकडे बघायला ज्यांनी शिकवलं, त्या कॅरिबियन कवींचं नावसुद्धा लेखात नाही.

मी 28 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. हे चित्र दाखवताना मावळतीचे रंग, लाटांचे फटकारे, पाण्यावर पडलेला उजेडाचा पट्टा यांवर भरभरून बोलायची. खाली उजव्या बाजूला बेडी अडकलेला एक पाय पाण्याबाहेर आलेला आहे, त्याबद्दल एकदाही बोलले नाही. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन एके काळी या चित्राचा मालक होता. त्यानंही समुद्राची तोंडभरून स्तुती केली आणि बुडणाऱ्या माणसांचा उल्लेख तळटीपेत टाकला. हे मला कळलं डेव्हिड डाबीडीन यांच्या ‘टर्नर’ (1994) या दीर्घकवितेच्या प्रस्तावनेतून.

डाबीडीन गयानाचे, उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय गिरमिटियांच्या (करारबद्ध मजुरांच्या) वंशातले. त्यांच्या कवितेत बोलतो तो चित्रातला बुडालेला आफ्रिकी माणूस. इतका काळ पाण्यात राहून त्याला स्वतःचं काहीच आठवत नाही, म्हणून तो आपलं गाव, आपलं बालपण नव्यानं रचतो. आणि जहाजाच्या कप्तानाचं नाव आहे टर्नर! तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

टोबॅगोत जन्मलेल्या एम. नूरबेसे फिलिप यांचं ‘झाँग!’ (2008) हे कवितेचं पुस्तक तर यायलाच हवं होतं. 1781 मध्ये झाँग या गुलामवाहू जहाजावरून 130हून अधिक माणसं समुद्रात फेकली गेली. टर्नरच्या चित्रामागे हीच घटना असल्याचं बरेच अभ्यासक मानतात. जहाजमालकांनी माणशी 30 पौंड विमा मागितला. कोर्टात खटला चालला तो विम्याचा, खुनाचा नाहीच. स्वतः वकिली केलेल्या फिलिप यांनी त्या खटल्याच्या अहवालातलेच शब्द घेतले, फोडले आणि पानभर विखरून टाकले. ती पानं वाचायची की चित्रासारखी बघायची, हे मला अजून ठरवता येत नाही. दृश्यकलेवरच्या लेखाला याहून जवळचं उदाहरण कुठलं मिळणार?

अशा लेखांसोबत कवितेच्या चार ओळी मराठीत करवून छापाव्यात, ही विनंती. आणखी एक. लेखासोबतचं टर्नरचं चित्र जागेसाठी खालून कापलं गेलं आहे. आकाश, जहाज, सूर्य सगळं आलंय, पाय तेवढा गेला. पुढच्या रविवारी ते चित्र पूर्ण छापावं.

– एक निवृत्त कलाशिक्षिका, सातारा